साष्टीतील वृद्ध : कान्हेरीचे प्रवासवृत्तांत आणि जोसाफतची कथा

भग्नावशेषांना दिलेली भेट हा प्रवासलेखनातील एक जुना आणि प्रतिष्ठित प्रसंग आहे. त्याची घडण बहुधा ठरलेली असते. प्रवासी दाट झाडीतून वाट काढीत जातो, वाटाड्या दोन पावले पुढे असतो, अकस्मात कोरीव दगड दिसतो, आणि मग प्रश्न उभा राहतो : हे कोणी केले? प्रवाशांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उपयोगाची आहेत. कारण हे उत्तर दगडातून क्वचितच मिळते. प्रवाशाने आपल्याबरोबर आणलेल्या ग्रंथांतून, कथांतून आणि श्रद्धांतून ते मिळते. वाटाड्याला हाच प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर वृत्तांतात एखाद्या वाक्यापुरते येते आणि बहुतेक वेळा अडाणी दंतकथा म्हणून बाजूला सारले जाते. मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटावर असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांविषयी शतकानुशतके लिहिल्या गेलेल्या नोंदी या दृष्टीने वाचल्या, तर असे बाजूला सारले गेलेले एक उत्तर सर्वांत अधिक विचार करावयास लावते. हे उत्तर पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याला साष्टीतील एका अतिवृद्ध माणसाने दिले होते.

कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी'वरून आले; शिलालेखांत ते प्राकृत रूपांतही भेटते. शंभराहून अधिक लेणी असलेली ही वसाहत इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झाली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत कमी-अधिक प्रमाणात नांदती राहिली. डोंगर समुद्रापासून आत असला तरी वसाहत समुद्राच्या आधाराने वाढली. सोपारा, कल्याण, चेमुला म्हणजे चौल ही बंदरे तिच्या भोवती होती आणि तेथील व्यापारी, सोनार, मणिकार, गृहस्थ आणि भिक्षुणी यांची नावे दानलेखांत कोरलेली आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी करविले. त्याच्या ओसरीतील दोन प्रचंड उभ्या बुद्धमूर्ती नंतरच्या काळातील आहेत. नव्वदाव्या लेण्यात आठ महाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. त्या भयांत नौका फुटण्याचेही भय आहे. बंदरांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विहारात हे शिल्प यावे यात आश्चर्य नाही.

येथे दुरून येणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांना येथील एका स्तूपात ताम्रपट मिळाला. त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षी, म्हणजे पाचव्या शतकाच्या अखेरीस, सिंधुदेशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या भिक्षूने कृष्णगिरीच्या महाविहारात शारिपुत्राचा चैत्य उभारल्याचे त्यात म्हटले आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाचा अंमल आणि कोकणात शिलाहारांचे मांडलिकत्व असताना, गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवली. त्याच काळातील दुसऱ्या एका लेखात ठेवीच्या व्याजाची वाटणी सांगताना पूजा, डागडुजी आणि चीवरे यांच्याबरोबर ग्रंथांसाठीही रक्कम बाजूला काढली आहे. हा तपशील आकाराने लहान आहे. परंतु कान्हेरीला केवळ कोरीव दगडांची जागा समजणाऱ्या पुढील सर्व प्रवाशांच्या पार्श्वभूमीवर तो लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण हे वाचनाचे स्थळ होते.

वसाहत ओसरण्याच्या काळातील भेटींच्या नोंदी पहलवी लिपीत आहेत. नव्वदाव्या लेण्याच्या भिंतीवर जरथुश्त्री प्रवाशांनी आपल्या येण्याचे लेख कोरले. त्यांतील दोन यज्दगर्दी सन ३७८ म्हणजे इसवी सन १००९ मधील असून तिसरा ३९० म्हणजे १०२१ मधील आहे. दिवस, महिना, वर्ष, आपले आणि आपल्या वडिलांचे नाव, आणि आपण या स्थळी आलो एवढेच सांगणे, असे त्यांचे स्वरूप आहे. आपण काय पाहिले किंवा हे कोणी केले याविषयी त्यांत काहीही नाही. पुढे युरोपीय प्रवाशांनी कान्हेरीवर जी पानेच्या पाने लिहिली, त्यांच्या तुलनेत हे मौन वेगळ्या जातीचे आहे. या पाहुण्यांनी अर्थ लावला नाही. केवळ उपस्थिती नोंदविली. भेटीच्या वाङ्मयाचा हा सर्वांत साधा आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक प्रकार म्हणावा लागेल.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि कान्हेरी एका नव्या वाचकवर्गापुढे आली. येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत 'साल्सेत' हे नाव वसईजवळच्या साष्टीला आणि गोव्यातील साष्टीलाही येते. 'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्सचे कार्यक्षेत्र असलेली साष्टी ही गोव्यातील होय. दोन्हींची गल्लत मराठी लेखनात अनेकदा झालेली दिसते. प्रस्तुत विवेचनातील साष्टी ही वसई प्रांतातील आहे.

पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला जोआंव द कास्त्रो १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना या किनाऱ्याने गेला आणि आपल्या समुद्रमार्गवर्णनात त्याने लेण्यांची मोजमापे घेतल्यासारखी काटेकोर टिपणे केली. त्याचे हे पुस्तक मात्र १८४३ पर्यंत हस्तलिखितच राहिले. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने येथील एका लेण्यात सेंट मायकेलचे प्रार्थनास्थळ केले आणि डोंगरात राहणाऱ्या एका वृद्ध जोग्याला बाप्तिस्मा देऊन पावलो रापोझो असे नाव दिले, अशी कूतोची नोंद आहे. कान्हेरीचे भुयार थेट खंबायतपर्यंत जाते अशी समजूत होती. तिचा छडा लावण्यासाठी हा पाद्री माणसे, शिधा आणि दोर घेऊन सात दिवस जमिनीखाली हिंडला आणि अंत न लागल्याने परत आला, असेही कूतो सांगतो. वास्तवात डोंगरात असे भुयार नाही. आहेत ती पावसाचे पाणी साठविणारी असंख्य खोदीव टाकी आणि त्यांना जोडणाऱ्या चऱ्या. लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि त्यांचे दान करणाऱ्यांची नावेही आहेत. पाण्याची शहाणी व्यवस्था पाहणाऱ्याला चक्रव्यूह दिसला, हे भेटीच्या वाङ्मयाचे एक वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

कूतोच्या ग्रंथातील अधिक मोलाचा उतारा मात्र कान्हेरीच्या प्रकरणात नाही. तो १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाचव्या 'देकादा'त, सिलोन आणि तेथील आदमच्या शिखराचे वर्णन चालू असताना आडवाटेने येतो. सिंहली लोक ज्या 'बुदांव'ला भजतात त्याचे चरित्र कूतो सांगतो : राजाने पुत्राला दुःखाच्या दर्शनापासून जपून महालात कोंडले, तरी त्याने रोगी, वृद्ध आणि मृत माणूस पाहिला आणि तो घराबाहेर पडला. हे चरित्र सांगताना कूतोला आपल्या धर्मातील एका संताची आठवण होते. हिंदुस्थानच्या राजाचा पुत्र जोसाफत आणि त्याला ख्रिस्ती धर्माची दीक्षा देणारा मुनी बार्लाम यांची कथा मध्ययुगीन युरोपात घरोघर माहीत होती. दोन्ही चरित्रांतील बाल्य तंतोतंत सारखे असल्याचे कूतो नमूद करतो आणि या देशातील जुन्या ग्रंथांत जोसाफतचा काही मागमूस लागतो का, याची आपण चौकशी केल्याचे सांगतो. त्या चौकशीत त्याला एक गोष्ट विशेष समर्पक वाटते. साष्टीत हिंडताना तो डोंगरात कोरलेले कान्हेरीचे देवालय पाहण्यास गेला. हे काम कोणाचे, असे त्याने तेथील एका फार वृद्ध माणसाला विचारले. वृद्धाने निःशंकपणे सांगितले की संत जोसाफतच्या पित्याने, त्याला एकांतात वाढविण्यासाठी, हे करविले. यावरून जोसाफत हाच 'बुदांव' असावा, असा तर्क कूतो करतो.

हा तर्क बरोबर होता. 'जोसाफत' हे नाव 'बोधिसत्त्व' या शब्दाचेच दूरचे रूपांतर आहे. बुद्धाच्या चरित्रकथा मध्य आशियात पोहोचल्या, मनीपंथीयांच्या हाती इराणी भाषांत फिरल्या, बगदादच्या परिसरात 'बिलौहर आणि बूदासफ' या नावाने अरबीत आल्या. लिपीतील एका टिंबाच्या फरकाने 'बूदासफ'चा 'यूदासफ' झाला. अरबीवरून जॉर्जियन भाषेत ख्रिस्ती रूप झाले. माउंट एथॉसवरील जॉर्जियन साधू युथिमियस याने, त्याचा मृत्यू १०२८ च्या सुमाराचा, ते ग्रीकमध्ये आणले. १०४८ मध्ये लॅटिन भाषांतर झाले आणि तेथून युरोपातील बहुतेक भाषांत कथा पसरली. कॅथलिक संतांच्या सूचीत बार्लाम आणि जोसाफत यांना २७ नोव्हेंबर हा दिवस मिळाला. या कथेतील विहिरीत लोंबकळत मधाचे थेंब चाटणाऱ्या माणसाचा दृष्टांत महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो, हे अभ्यासकांना परिचित आहे. कथेच्या या प्रवासाची फेरमांडणी युरोपात लाबुले याने १८५९ मध्ये आणि लीब्रेख्त याने १८६० मध्ये केली, आणि तौलनिक कथाभ्यासाच्या इतिहासात तो मानाचा टप्पा समजला जातो. कूतोचे निरीक्षण त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधीचे आहे.

मग साष्टीतील वृद्धाचे काय? या प्रसंगाचा अर्थ तीन प्रकारे लावता येतो. पहिला असा की वृद्ध हा कूतोचा लेखनालंकार आहे. आपला तर्क स्थानिक साक्षीने सजविण्यासाठी त्याने तो उभा केला. सोळाव्या शतकातील इतिहासलेखनात अशी साक्ष घडविली जाण्याची उदाहरणे आहेत. परंतु कूतो तर्काची जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि वृद्धाचे म्हणणे वेगळे ठेवतो, हे पाहता ही शंका फार पुढे नेता येत नाही. दुसरा अर्थ असा की शतकानुशतके टिकलेली बौद्ध स्मृती त्या वृद्धाच्या तोंडून बोलली. हे ऐकावयास गोड आहे. पण 'जोसाफत' हे नाव ग्रीक-लॅटिन मार्गानेच घडलेले असल्याने ते साष्टीच्या मातीत उगवलेले असणे अशक्य आहे. तिसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. वसई प्रांतात फ्रान्सिस्कनांचे आणि जेझुइटांचे प्रवचनकार्य १५३४ नंतर दोन पिढ्या चालू होते. संतकथा हा त्या प्रवचनांचा मुख्य साठा होता आणि हिंदुस्थानी राजपुत्राची संतकथा येथील श्रोत्यांना सांगण्याइतकी सोयीची दुसरी कोणती असणार? वृद्धाने कथा पाद्र्यांकडून ऐकली असावी. डोंगरातील शेकडो खोल्या, एकान्त, आसनस्थ आणि उभ्या मूर्ती त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या. त्याने दोन्ही एकत्र जोडल्या.

हे जोडणे हाच या प्रकरणातील मर्माचा भाग आहे. वृद्धाचा निष्कर्ष ऐतिहासिक दृष्ट्या चुकीचा आहे. शुद्धोदनाने कान्हेरी कोरविली नाही. तरी त्याने जी दोन टोके जुळविली ती खरोखर एकाच धाग्याची होती. हजार वर्षे पश्चिमेकडे जाऊन, पाच-सहा भाषांतून रूप पालटून, पोर्तुगीज गलबतातून परत आलेली कथा ज्याच्या चरित्रातून निघाली, त्याच्याच मूर्तींपुढे आणून ठेवण्याचे काम एका निनावी माणसाने केले. कूतोने सिलोनच्या ग्रंथांवरून आणि ऐकीव माहितीवरून साम्य ताडले; वृद्धाने ते स्थळावर ताडले. कान्हेरीत पहिला तौलनिक अभ्यासक कोण, असा प्रश्न विचारायचाच झाला तर उत्तर कूतोच्या बाजूने सहज देता येणार नाही. कूतोचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे, वृद्धाचे नाव त्याने विचारले असल्यास लिहिलेले नाही.

पुढील शतकात कान्हेरीला आलेल्या प्रवाशांपैकी इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये आला. त्याच्यापेक्षा येथे अधिक महत्त्वाचा इटालियन जोव्हानी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी होय. त्याने १६९५ मध्ये साष्टीत येऊन कान्हेरीचे सविस्तर वर्णन केले. नंतर चीन, फिलिपाइन्स आणि प्रशांत महासागर ओलांडून १६९७ मध्ये तो मेक्सिकोत पोहोचला आणि तेथे तेओतिवाकानचे पिरॅमिड पाहिले. त्याचे सहा खंडांचे जगप्रवासवर्णन १६९९-१७०० मध्ये नेपल्स येथे छापले गेले. कान्हेरी तिसऱ्या खंडात, मेक्सिको सहाव्यात. कोकणातील लेणी आणि मेक्सिकोतील पिरॅमिड एकाच माणसाने दोन वर्षांच्या अंतराने पाहून एकाच ग्रंथात लिहिण्याचा हा प्रसंग आहे. युरोपात पुष्कळांना तो इतका अशक्य वाटला की जेमेल्ली घराबाहेर पडलाच नाही, खोलीत बसून त्याने पुस्तक रचले, असा प्रवाद बराच काळ टिकला. हुम्बोल्टला त्याची बाजू घ्यावी लागली.

मेक्सिकोच्या दिशेने एवढे आल्यावर तेथील किनाऱ्यावरच्या माया अवशेषांशी तुलना टाळण्याचे कारण नाही, कारण 'कोणी केले' हा प्रश्न तेथे अधिक उघडपणे लढविला गेला. युकातानच्या पूर्व किनाऱ्यावर कॅरिबियन समुद्राच्या कड्यावर तुलुम हे तटबंदीचे माया नगर आहे. तीन बाजूंना तट, चौथीला समुद्र. १८४२ मध्ये अमेरिकन प्रवासी जॉन लॉईड स्टीव्हन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड झाडीने वेढलेल्या या नगरात राहिले आणि त्यांचे पुस्तक १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले. कास्त्रोचे कान्हेरीवर्णन छापले गेले तेही याच वर्षी, हा निव्वळ योगायोग. त्या काळी माया नगरांचे कर्तृत्व इजिप्शियन, फिनिशियन किंवा इस्राएलच्या हरवलेल्या जमातींकडे देण्याची प्रथा होती. ही नगरे आज येथेच राहणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनी बांधली, असे स्टीव्हन्सने ठामपणे मांडले. त्याच्या काळात हे धैर्याचे विधान होते. मात्र पूर्वजांना नगरांचे श्रेय देताना त्यांच्या वंशजांना त्याची काहीच स्मृती उरलेली नाही, असेही त्याने गृहीत धरले. पाचच वर्षांनी, १८४७ मध्ये, त्याच प्रदेशात मायांचे दीर्घ बंड पेटले आणि बोलणाऱ्या क्रुसाभोवती त्यांनी आपला स्वतंत्र धर्म आणि सत्ता उभी केली. तुलुमचे भग्न मंदिर त्या क्रूसपूजेचे एक केंद्र झाले. ज्यांना काही आठवत नाही असे प्रवाशाने लिहिले, त्यांनी बाहेरून आलेले चिन्ह आणि आपले जुने स्थळ जोडून दाखविले. साष्टीतील वृद्धाने शांतपणे केले ते येथे युद्धाच्या धामधुमीत झाले, एवढाच फरक.

कान्हेरीत 'कोणी केले' याचे खरे उत्तर मिळाले ते लेखांच्या वाचनातून, आणि त्यासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले. झेंद-अवेस्ता युरोपच्या हाती देणारा फ्रेंच विद्वान आंकेतील द्युपेरों १७६० च्या अखेरीस येथे आला होता. सुरतेच्या दस्तुरांकडे शिकून आलेला हा माणूस ज्या डोंगरात हिंडला, त्याच डोंगरात पहलवी लेख होते; ते वाचले जाण्यास आणखी शंभर वर्षे लागली. ते काम एडवर्ड विल्यम वेस्ट याने केले. मुंबई इलाख्यात अभियंता म्हणून नोकरी करणाऱ्या वेस्टने १८६०-६१ मध्ये कान्हेरीच्या लेखांच्या नकला काढल्या आणि पुढे तो पहलवीचा अग्रगण्य पंडित झाला. ब्राह्मी लेखांचे वाचन भगवानलाल इंद्रजी यांनी बर्जेसबरोबर १८८१ मध्ये प्रसिद्ध केले, डॉ. शोभना गोखले यांचे कान्हेरीच्या लेखांवरील पुस्तक डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये काढले. या वाचनानंतर राजपुत्र, सिकंदर, पांडव हे सर्व दावेदार मागे पडले आणि त्यांच्या जागी कल्याणचे गृहस्थ, सोपाऱ्याचा मणिकार, नाशिकची माणसे आणि भिक्षुणी आल्या. दंतकथेपेक्षा हे सत्य अधिक बहुजनी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ज्या काळात लेखांतील माणसे पुन्हा नावानिशी दिसू लागली, त्याच काळात डोंगराभोवतीची जिवंत माणसे कागदांतून दिसेनाशी होऊ लागली. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव मुंबईच्या पाण्यासाठी पूर्ण झाले आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र राखीव झाले. विसाव्या शतकात येथे कृष्णगिरी उपवन झाले, त्याचे बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आज शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र असलेल्या उद्यानाला संजय गांधी यांचे नाव आहे. बिबट्यांना महानगराच्या कुशीत जागा देणारे हे अरण्य राखले गेले नसते तर कान्हेरीचा डोंगर खाणींनी आणि इमारतींनी केव्हाच गिळला असता, हे निर्विवाद आहे. तरीही लेणी पुरातत्त्व खात्याकडे आणि झाडे वन खात्याकडे, अशी वाटणी झाल्यावर वारली, महादेव कोळी, कोकणा यांचे पाडे कोणत्याच खात्याच्या वर्णनात नीट बसले नाहीत. १९९५ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. हटविल्या गेलेल्या हजारो झोपड्या बहुतांशी शहरात कामासाठी आलेल्यांच्या होत्या. पण पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असलेल्या पाड्यांनाही आपण अतिक्रमण नाही हे सिद्ध करण्याची पाळी आली. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालील दावेदाराला आपले पूर्वापार वास्तव्य कागदाने आणि वडीलधाऱ्यांच्या जबानीने दाखवावे लागते. वृद्धाची तोंडी साक्ष ग्राह्य धरणारा हा कायदा कूतोच्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचला तर त्याची एक वेगळी बाजू दिसते.

हा प्रश्न एका बेटापुरता नाही. युकातानमध्ये तुलुमला १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच्या दक्षिणेस १९८६ मध्ये सिआन कान हे जीवावरण राखीव क्षेत्र झाले आणि पुढच्याच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत गेले. मुयिलचे माया अवशेष त्या राखीव क्षेत्राच्या हद्दीत येतात. दिल्लीतही अरवलीच्या रिजवर हाच क्रम दिसतो. मेहरौलीजवळच्या संजय वनात तोमरांच्या लालकोटचा तट कीकरांच्या रानातून जातो. अकराव्या शतकातला हा तट आणि कान्हेरीतील पहलवी लेख यांत फार तर काही दशकांचे अंतर आहे. रिजच्या मध्य भागात तुघलककालीन शिकारखाना 'मालचा महल' या नावाने उभा आहे. ज्या मालचा गावावरून हे नाव आले, त्याची जमीन १९११ नंतर नव्या राजधानीसाठी संपादित झाली. १९९४ मध्ये रिजचा मोठा भाग राखीव वन म्हणून अधिसूचित झाला तेव्हा गाव जाऊन ऐंशी वर्षे लोटली होती. चाणक्यपुरीतील एका रस्त्याला आणि एका पडक्या वास्तूला नाव राहिले. अवशेष आणि अरण्य या दोन्ही शब्दांचा वापर असा होतो की ते उच्चारताच जागा निर्मनुष्य वाटू लागते. प्रवासवृत्तांतांनी या वापराला फार मोठा हातभार लावलेला आहे, आणि त्याविरुद्धचा पुरावाही त्याच वृत्तांतांच्या आडव्या वाक्यांत सापडतो.

कान्हेरीच्या बाबतीत असा पुरावा वृत्तांतांहून जुना आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीतील एका लेखात कल्याणच्या अपरेणुक नावाच्या गृहस्थाने लेणे, कार्षापणांची ठेव आणि 'मंगलठाण' गावातील एक शेत दान दिल्याचे लिहिले आहे; पावसाळ्यात येथे वास करणाऱ्या भिक्षूच्या वस्त्राची सोय त्या उत्पन्नातून व्हावयाची होती. मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे. डोंगराच्या पायथ्याशी बोरिवलीच्या बाजूला ते अजून आहे, आणि २०२२ पासून मेट्रोच्या एका स्थानकाच्या पाटीवरही त्याचे नाव आहे. लेण्यांकडे जाणारा प्रवासी त्या पाटीखालून जातो. पुढे उद्यानाच्या फाटकावर वन खात्याचे आणि डोंगरावर पुरातत्त्व खात्याचे अशी दोन तिकिटे तो काढतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते शेत कसणाऱ्याचे नाव मात्र अपरेणुकाच्या लेखातही कोरलेले नाही.